पाच टक्क्यांची हमी आणि थकलेली मजुरी

१८५८ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी आगगाडीने खोपोलीपर्यंत येई आणि तिथे रूळ संपत. पुढची गाडी वर, खंडाळ्याला. १४ जून १८५८ रोजी पुणे-खंडाळा मार्ग सुरू झाला होता, मुंबईकडून खोपोलीपर्यंतचा मार्ग त्याच्या दोन वर्षे आधी. मधला सह्याद्रीचा कडा मात्र अजून जसाच्या तसा उभा होता. तो चढायचा तर पालखी, डोली, तट्टू नाहीतर बैलगाडी. वाट १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुली झालेल्या बोरघाटाच्या रस्त्याची. वर पोचला की माणूस पुन्हा डब्यात बसायचा.

या मधल्या तुकड्यावर त्या काळी हिंदुस्थानातले सर्वांत अवघड रेल्वेकाम चालू होते. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढायचे होते. त्यासाठी २५ बोगदे, ८ उंच कमानपूल, सुमारे २० लाख घनयार्ड खडकाची फोड, आणि खंडाळ्याच्या खाली गाडीची दिशाच उलटी करणारे रिव्हर्सिंग स्टेशन. आराखडा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचा. काम करणारे हात देशावरचे, कोकणातले आणि दूरदूरच्या मुलखांतून आलेल्या माणसांचे. पैसा मात्र जवळजवळ सगळा विलायतेचा होता.

हा पैसा इतक्या लांब, इतक्या अनोळखी डोंगरात कसा आला, हे समजल्याशिवाय पुढे घाटात काय घडले ते कळत नाही.

लंडनमधला भांडवलदार हिंदुस्थानी रेल्वेत आपण होऊन पैसे घालायला तयार नव्हता. माल मिळेल का, लोक गाडीत बसतील का, राज्य टिकेल का, असे सगळे प्रश्न त्याच्यापुढे होते. १७ ऑगस्ट १८४९ च्या करारात ईस्ट इंडिया कंपनीने ते प्रश्न एका कलमात सोडवले. भागधारकाने भरलेल्या भांडवलावर दरसाल पाच टक्के व्याजाची हमी, मुदत ९९ वर्षे. जमीन सरकार फुकट देणार. रेल्वे कंपनीला धंदा झेपेना, तर मार्ग सरकारच्या हवाली करून भांडवल परत मागण्याचीही सोय होती. तोटा आला तर तो हिंदुस्थानच्या तिजोरीने सोसायचा, आणि त्या तिजोरीतला सर्वांत मोठा वाटा शेतसाऱ्याचा. मावळातला कुणबी आपल्या भातखाचराचा जो सारा भरत होता, त्याचा काही अंश या हमीच्या पोटात जात होता.

अशी हमी देणारे सरकार जगात हे एकटेच नव्हते. ब्राझील आणि अर्जेंटिना यांनी आपल्या रेल्वेसाठी ब्रिटिश भांडवलाला सात टक्क्यांपर्यंत हमी दिली. जिथे राज्यव्यवस्थेवर भरवसा कमी, तिथे व्याजाचा दर चढा, हा हिशेब तेव्हाही असाच होता. फरक इतकाच की तिथली सरकारे निदान आपल्या देशाच्या नावाने करार करत होती. इथे हमी देणारा आणि हमी घेणारा दोघेही लंडनचे, आणि ज्याच्या खिशातून ती जायची त्याला कोणी विचारलेच नव्हते.

या कराराची खरी कसोटी १८५७ मध्ये लागली. मे महिन्यात मेरठला उठाव झाला. ३१ जुलैला कोल्हापुरात २७ व्या पलटणीच्या शिपायांनी बंड केले, म्हणजे आग मुंबई इलाख्याच्या दारात आली. बोरघाटाला तर या बंडाशी जोडणारा आणखी एक धागा होता. ज्या नानासाहेब पेशव्यांच्या नावाने उत्तरेत युद्ध पेटले होते त्यांचा जन्म घाटाच्या पायथ्याशी, कर्जतजवळच्या वेणगावातला. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेला उतरले, तेव्हा ते महाराष्ट्रात शिरले तर काय, या काळजीने मुंबई सरकारची झोप उडाली. तात्या पकडले गेले एप्रिल १८५९ मध्ये.

शिवाय हा घाट इंग्रजांच्या आठवणीत आधीपासून होता. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज याच घाटाने वर आली. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे मराठ्यांचा ‘इष्टूर फाकडा’, तोफेच्या गोळ्याने पडला. फौज तळेगावापर्यंत पोचली, माघारी फिरली आणि वडगावला कोंडीत सापडून तिला तह करावा लागला. मावळचा रस्ता आपल्या ताब्यात नसेल तर मुंबई आणि पुणे ही दोन वेगळी जगे आहेत, हे त्या महिन्यात इंग्रज कायमचे शिकले. म्हणून रेल्वेकडे ते कापसाच्या व्यापाराइतकेच लष्कराच्या हालचालीसाठी पाहत होते. गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या १८५३ च्या प्रसिद्ध टिपणात हे दोन्ही हेतू शेजारी शेजारी मांडलेले आहेत.

इतका मोठा उठाव झाल्यावर परदेशी पैसा पळून जाईल, असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही. १८५७ च्या अखेरीस देशभर ३०० मैलांच्या आत असलेली रेल्वे १८६३ च्या अखेरीस अडीच हजार मैलांच्या आसपास गेली आणि त्यासाठीचे भांडवल लंडनहून येतच राहिले. कारण स्पष्ट होते. लंडनच्या भागधारकाने मेरठ किंवा कोल्हापूरकडे पाहायची गरजच नव्हती. त्याचे व्याज पैसे भरल्या दिवसापासून चालू होते, रूळ पडोत वा न पडोत. भारत सरकारचे एक माजी वित्त सदस्य विल्यम मॅसी यांनी पुढे १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे स्वच्छ सांगितले की, हमी मिळाल्यावर आपला पैसा हुगळीत बुडवला जातो की त्याच्या विटा होतात, याच्याशी गुंतवणूकदाराला काही देणेघेणे उरले नव्हते.

सार्वजनिक सुरक्षितता आणि परदेशी गुंतवणूक यांचा संबंध सांगताना अर्थशास्त्री बहुधा एक सरळ रेषा काढतात. अशांतता वाढली की पैसा घाबरतो, शांतता आली की परततो. बोरघाटाची हकीकत या रेषेत बसत नाही. इथे पैसा पूर्ण सुरक्षित होता आणि अशांतता कामाच्या जागीच, खुद्द कामातून उगवली.

ती कशी उगवली ते पाहण्यासाठी पैशाची वाट घाटापर्यंत पायी चालून बघावी लागते.

घाटाचे कंत्राट नोव्हेंबर १८५५ मध्ये विल्यम फेव्हिएल यांना मिळाले. हे नवखे नव्हते. १६ एप्रिल १८५३ ला जी पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, तो मार्ग फेव्हिएल आणि फाउलर या जोडीनेच बांधला होता. २४ जानेवारी १८५६ ला घाटात काम सुरू झाले. फेव्हिएलच्या हाताखाली युरोपियन पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम, मुकादमाच्या हाताखाली टोळी. टोळीत पुरुष, बायका आणि मुलेही. कड्याच्या तोंडावर जिथे पाऊल ठरत नसे तिथे माणसांना दोराने खाली सोडून सुरुंगासाठी भोके पाडून घेत. मोठे काम दसऱ्यानंतर सुरू व्हायचे आणि मेअखेर थांबायचे, कारण खंडाळ्याच्या पावसात उघड्यावर काही टिकत नाही. म्हणजे मजुराच्या हातात कमाईचे सात-आठ महिने. त्यात महिना-दीड महिना मजुरी अडकली, तर पावसाळ्याची बेगमीच गेली.

आता या साखळीत हमी कुठपर्यंत पोचत होती? भागधारकापर्यंत पक्की. रेल्वे कंपनीपर्यंत पक्की. कंत्राटदाराला हमी नव्हती, पण त्याच्यामागे लेखी करार, वकील आणि न्यायालय होते. पोटकंत्राटदाराच्या हातात निदान कागद होता. त्याखाली मुकादमाचा शब्द. आणि सर्वांत तळाशी, अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडून आलेल्या माणसापाशी काहीच नव्हते. वरून पैसा उतरायला उशीर झाला किंवा मधल्याने तो दाबून ठेवला, तर दाद मागायची कुठे? पुण्याच्या किंवा ठाण्याच्या कचेरीत? तिथे जाऊन बसायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडणार आणि दावा वर्षभर चालणार. तोवर टोळी पांगलेली असे, पोटकंत्राटदार दुसऱ्या कामावर गेलेला असे.

जानेवारी १८५९ मध्ये घाटात दंगल उसळली. मजुरी थकलेली होती. जमावाने कामावरच्या युरोपियन माणसांवर हल्ला केला. हा महिना नीट ध्यानात घ्यायला हवा. व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचून दाखवला त्याला जेमतेम अडीच महिने झाले होते, तात्या टोपे अजून मोकळे होते, आणि मुंबई-पुणे मार्गावर हजारोंचा जमाव गोऱ्या माणसांवर चालून गेला होता. अशा वेळी या घटनेवर बंडाचा शिक्का मारून पलटण धाडणे आणि प्रकरण मिटले म्हणणे सरकारला सोपे होते.

सरकारने चौकशी केली, आणि चौकशीतून जे पुढे आले त्यात राजकारण नव्हते. पोटकंत्राटदार वेळेवर पैसे देत नव्हते, हिशेब धड ठेवत नव्हते आणि मजुरापाशी ते मागण्याचा झटपट मार्ग नव्हता. दंगलीचे मूळ हेच होते. या एका गोष्टीसाठी त्या अधिकाऱ्यांना श्रेय द्यावेच लागते. १८५७ च्या जखमा ओल्या असताना त्यांनी थकलेल्या मजुरीला थकलेली मजुरीच म्हटले.

मार्च १८५९ मध्ये फेव्हिएल यांनी कंत्राट सोडले. काही काळ कंपनीने काम स्वतः चालवले. मग नवे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांना दिले गेले. ते इंग्लंडहून आले आणि मुंबईत उतरल्यापासून पंधरवड्याच्या आत वारले. त्या हंगामात घाटात पटकीची साथ होती, आणि मजुरांच्या वस्त्यांमध्ये तिने किती घरे रिकामी केली याची नीट नोंद कोणी ठेवली नाही. ट्रेडवेल यांची पत्नी ॲलिस यांनी मात्र कंत्राट टाकले नाही. घाटातल्या कामाचा अनुभव असलेले ॲडमसन आणि क्लाउझर हे दोन अभियंते त्यांनी व्यवस्थापक नेमले आणि काम पुढे नेले. १८६१ च्या उघाडीत घाटात ४२ हजार माणसे राबत होती. त्या वेळी मावळातल्या कित्येक गावांची लोकसंख्या शेकड्यांत मोजण्याजोगी होती. एवढे मनुष्यबळ एका डोंगरउतारावर जमवणे, त्याला खायला घालणे आणि आठवड्याला त्याचा हिशेब चुकता करणे, हे बोगदे खणण्याइतकेच मोठे काम होते. इतिहासात ॲलिस ट्रेडवेल यांचे नाव एक नवलाई म्हणून येते. ते या हिशेबासाठी यायला हवे.

दंगलीचा दुसरा परिणाम कायद्यात दिसला, आणि तो दोन तोंडांचा होता.

१८६० चा नववा कायदा रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरच्या मजुरीच्या तंट्यांसाठी झाला. बोरघाटासारख्या प्रसंगांतूनच त्याची गरज पुढे आली होती. मॅजिस्ट्रेटने असे तंटे लांबण न लावता निकालात काढायचे, अशी त्यात तरतूद होती. मजुराला मालकाविरुद्ध चटकन दाद मागण्याची वाट या कायद्याने मोकळी केली. पण त्याच कायद्यात काम अर्धवट सोडून जाणाऱ्या मजुराला कैदेची शिक्षाही होती. मालकाने मजुरी बुडवली तर ती देणे निघे, मजुराने काम सोडले तर तो गुन्हा ठरे. आदल्याच वर्षी, १८५९ मध्ये, आगाऊ रक्कम घेऊन करार मोडणाऱ्या कामगारांना शिक्षा करणारा वेगळा कायदाही आला होता. १८६१ मध्ये पोलिस कायदा आला. ज्या दोन-तीन वर्षांत मजुराच्या तक्रारीसाठी एक दार किलकिले झाले, त्याच वर्षांत त्याला जागेवर धरून ठेवण्याची पक्की व्यवस्था झाली. १८६० चा कायदा कामगारविषयक रॉयल कमिशनच्या शिफारशीनंतर १९३२ मध्ये रद्द झाला.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. बर्कली तो पाहायला नव्हते, आदल्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात त्यांचे निधन झाले होते. काम सव्वासात वर्षे चालले, खर्च सुमारे ११ लाख पौंड. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते, मँचेस्टरला कापूस हवा होता, आणि देशावरचा कापूस आता घाट उतरून थेट मुंबईच्या बंदरात जाऊ लागला. गुंतवणूक फळाला आली, यात शंका नाही. मुंबई आज जी आहे तिच्या उभारणीत या पावणेसोळा मैलांचा वाटा फार मोठा आहे.

तरी हमीची किंमत घाटाने आणखी एकदा वसूल केली. जुलै १८६७ मध्ये म्हाऊकीमळीचा कमानपूल कोसळला. बांधकाम निकृष्ट होते. ज्या व्यवस्थेत व्याज कामाच्या दर्जावर अवलंबून नसते, तिथे चुना कसा मळला गेला हे बघायला लंडनहून कोणी येत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे सरकारने १९०० साली विकत घेतली तेव्हा किंमत एकरकमी न देता वार्षिक हप्त्यांनी द्यायचे ठरले, आणि हप्त्यांची मुदत होती १९४८ पर्यंत. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ज्या ओघाबद्दल आयुष्यभर लिहिले, त्याचा एक झरा या घाटातून वाहत होता.

मावळाने यानंतर भांडवलाचे आणखी दोन मोठे लोंढे पाहिले. १९११ मध्ये लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची पायाभरणी झाली, आणि १९१५ पासून वळवण, लोणावळा, शिरवटा इथले पाणी खोपोलीला कोसळून मुंबईच्या गिरण्या चालवू लागले. हे भांडवल देशात उभे राहिले होते, त्यात संस्थानिकांचा वाटा मोठा होता. पण शेजारच्या मुळशी खोऱ्यात टाटांच्याच धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ ला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तेव्हा स्पष्ट दिसले की, भांडवल देशी असले म्हणून तळच्या माणसाचा करार आपोआप पक्का होत नाही. मावळ्यांची भातशेती पाण्याखाली जाणार होती आणि त्यांना विचारण्याआधी काम सुरू झाले होते.

पाण्यावरून मावळात असाच संघर्ष पुढेही झाला. ९ ऑगस्ट २०११ ला बऊर गावाजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळातून पाणी नेण्याला त्यांचा विरोध होता. पोलिसांनी गोळीबार केला, तिघे ठार झाले, आणि जलवाहिनीचे काम तिथेच ठप्प होऊन वर्षानुवर्षे पडून राहिले. ज्या रस्त्याच्या भरवशावर तळेगाव-चाकणचे कारखाने उभे आहेत, तो रस्ता त्या दिवशी बंद होता. पोलिसांची कुमक कमी पडली, हे त्याचे कारण नव्हते. जमीन आणि पाणी यांच्या बोलण्यात शेतकऱ्याची बाजू कधी ऐकलीच गेली नव्हती, हे होते.

दुसरा लोंढा मोटारींचा. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. जानेवारी २०२० मध्ये कंपनीने तो चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचे जाहीर केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारने सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी परवानगी घेणे सक्तीचे केले. १५ जूनला महाराष्ट्र सरकारने ग्रेट वॉलशी ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला आणि त्याच रात्री हजारेक मैलांवर, गलवानच्या खोऱ्यात, भारतीय आणि चिनी सैनिकांची झटापट होऊन २० भारतीय जवान धारातीर्थी पडले. करार थांबवला गेला. देशाच्या सुरक्षेसाठी असा निर्णय घ्यावा लागतो आणि तो घेणे रास्तच होते. तळेगावातला कारखाना मात्र डिसेंबर २०२० मध्ये बंद झाला, हजाराहून अधिक कामगारांचा रोजगार गेला, आणि परवानगीची वाट बघून ग्रेट वॉलने २०२२ च्या मध्यावर व्यवहारातून अंग काढून घेतले.

कामगारांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली, आंदोलने केली. कारखाना विकला जाईल तेव्हा नव्या मालकाने आपल्याला कामावर ठेवावे, ही त्यांची मागणी होती. मार्च २०२३ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईशी प्राथमिक करार झाला, ऑगस्टमध्ये विक्रीच्या करारावर सह्या झाल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये ताबा गेला. विकत घेतलेल्या गोष्टींत जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री होती. कामगार त्या यादीत नव्हते.